ताऱ्यांच्या प्रवासात घोडं नेमकं कुठं पेंड खातं?

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकलला. परवा फोनवर म्हणाला, "मामा, व्हॉएजर सूर्यमालेच्या बाहेर गेलं म्हणतात, मग आपण दुसऱ्या ताऱ्याकडे यान का पाठवत नाही? जोरात जाणारं इंजिन बनवलं की झालं ना? आणि पुढे दुसऱ्या गॅलेक्सीत?" दहा मिनिटांत जमेल तेवढं सांगितलं पण माझंच समाधान झालं नाही, म्हणून आता बसून सविस्तर लिहितोय. मी गेली अठ्ठावीस वर्षं रेडिओ रिसीव्हर आणि अँटेनाचं काम करतोय, म्हणजे लांबून येणारा बारीकसा सिग्नल नॉइजमधून उपसून काढायचा, त्यामुळे माझं उत्तर त्या बाजूला झुकणार हे धरूनच चाल. पण मला मनापासून वाटतं की या विषयात इंजिनावर सगळे बोलतात आणि यान तिथं पोचलंय हे आपल्याला कळणार कसं यावर फारसं कुणी बोलत नाही, आणि खरं घोडं तिथंही तितकंच अडलेलं आहे.

आधी अंतर डोक्यात बसवून घे, ते बसलं नाही तर पुढचं सगळं हवेत जाईल. पृथ्वी ते सूर्य हे १५ कोटी किलोमीटर आपण १ मीटर धरू, एक मोठं पाऊल समज. या नकाशात नेपच्यून ३० मीटरवर येतो, गल्लीच्या टोकाला. व्हॉएजर १, नासाच्या दोन व्हॉएजर यानांपैकी एक, जे ५ सप्टेंबर १९७७ ला निघालं आणि अजून चालतंच आहे, ते १७० मीटरच्या आसपास. आणि सूर्याला सगळ्यात जवळचा तारा प्रॉक्सिमा सेंटॉरी, ४.२४ प्रकाशवर्षं, तो येतो २६८ किलोमीटरवर. म्हणजे पुण्यातून निघालास तर सोलापूरच्याही पुढे जायचंय, आणि जवळपास पन्नास वर्षं न थांबता चालणारं यान अजून आपल्याच गल्लीतून बाहेर पडतंय. गॅलेक्सीचं विचारलंस म्हणून तेही सांगतो, अँड्रोमेडा २५ लाख प्रकाशवर्षांवर आहे, ती याच नकाशात १६ कोटी किलोमीटरवर येते. नीट वाच, १५ कोटीचं १ मीटर करूनसुद्धा अँड्रोमेडा खऱ्या सूर्याच्या किंचित पलीकडेच राहते. मी हे पहिल्यांदा कागदावर केलं तेव्हा शून्यं चुकली असं वाटून तीनदा मोजलं होतं.

व्हॉएजर "बाहेर गेलं" म्हणजे काय तेही स्पष्ट करतो. २५ ऑगस्ट २०१२ ला व्हॉएजर १ नं आणि ५ नोव्हेंबर २०१८ ला व्हॉएजर २ नं हेलिओपॉज ओलांडला, म्हणजे सूर्यातून निघणाऱ्या कणांच्या वाऱ्याचा जोर जिथं संपतो ती हद्द. सूर्याचं गुरुत्वाकर्षण त्याच्या कितीतरी पुढपर्यंत चालतं, धूमकेतूंचा ऊर्ट क्लाउड अजून खूप लांब आहे आणि त्याच्या आतल्या कडेला पोचायलाच व्हॉएजरला अजून तीनेकशे वर्षं लागतील. त्याचा वेग आहे सेकंदाला १७ किलोमीटर. या वेगानं प्रॉक्सिमाएवढं अंतर कापायला ७५ हजार वर्षं लागतात, आणि ते त्या दिशेनं चाललेलंही नाही. साधारण ४० हजार वर्षांनी ते ग्लिझ ४४५ नावाच्या ताऱ्यापासून १.६ प्रकाशवर्षांवरून जाईल, त्याला भेट म्हणायचं तर म्हण. पार्कर सोलर प्रोबनं डिसेंबर २०२४ मध्ये सेकंदाला १९२ किलोमीटर गाठले, माणसानं बनवलेली सगळ्यात वेगवान वस्तू तीच, पण तो वेग सूर्याकडे कोसळताना मिळालेला आहे, वर चढताना तो परत द्यावा लागतो. आणि समजा तोच वेग कायम मिळाला असता तरी प्रॉक्सिमा साडेसहा हजार वर्षांवर.

आता तुझं इंजिन. रॉकेट पुढे जातं ते मागे काहीतरी फेकून, आणि जे फेकायचं ते सोबत न्यावं लागतं, ते न्यायला अजून इंधन, त्या इंधनाला अजून इंधन, हे चक्रवाढ व्याजासारखं वाढत जातं. रशियन शास्त्रज्ञ त्सिओल्कोव्स्कीचं रॉकेटचं समीकरण एवढंच सांगतं. एक्झॉस्टच्या, म्हणजे मागे फेकलेल्या झोताच्या, वेगाइतका वेग मिळवायचा असेल तर निघतानाचं वजन पोचतानाच्या वजनाच्या २.७२ पट, त्याच्या दुप्पट वेग हवा तर ७.४ पट, तिप्पट हवा तर २० पट. हायड्रोजन-ऑक्सिजनच्या उत्तम इंजिनाचा एक्झॉस्ट सेकंदाला साडेचार किलोमीटरनं निघतो. आपल्याला हवाय प्रकाशाच्या दहा टक्के वेग, म्हणजे सेकंदाला ३० हजार किलोमीटर, म्हणजे एक्झॉस्टच्या जवळपास ६,६६७ पट. मग वजनाचं गुणोत्तर येतं एकावर २,८९५ शून्यं. दिसणाऱ्या सगळ्या विश्वातले अणू एकावर ८० शून्यं इतकेच आहेत. म्हणजे केमिकल रॉकेट कितीही मोठं करा, हा दरवाजा बंदच आहे. विजेच्या जोरावर भारित कण मागे फेकणाऱ्या आयन इंजिनाचा एक्झॉस्ट त्याच्या सहा-सात पट वेगवान असतो, तरी शून्यं चारशेच्या वर राहतात.

म्हणून न्यूक्लियरकडे यावं लागतं. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटीनं १९७३ ते १९७८ मध्ये डेडॅलस नावाचा अभ्यास केला होता आणि माझ्या मते आजही या विषयात इंजिनिअरिंग म्हणून इतकं नेटानं केलेलं काम कमी आहे. ड्युटेरियम (जड हायड्रोजन) आणि हेलियम-३ (हेलियमचा हलका प्रकार) यांच्या बारीक गोळ्या, सेकंदाला २५० गोळ्या, प्रत्येक गोळीचा इलेक्ट्रॉन बीमनं फ्यूजन स्फोट करायचा आणि त्याचा धक्का मॅग्नेटिक फील्डनं झेलायचा. एकूण वजन ५४ हजार टन, त्यातलं ५० हजार टन इंधन. प्रकाशाच्या १२ टक्के वेग, बर्नार्डच्या ताऱ्यापर्यंत पन्नासेक वर्षं. पण हेलियम-३ एवढं पृथ्वीवर नाहीच, ते गुरूच्या वातावरणातून उपसून आणायचं असं त्यांनी धरलं होतं. आणि हे यान तिथं थांबणार नव्हतं, ताऱ्याजवळून सरळ निघून जाणार होतं.

थांबायचं का नव्हतं ते मेकॅनिकलवाल्याला चटकन कळेल. एक्झॉस्ट सेकंदाला १० हजार किलोमीटर धर, ३० हजारचा वेग घ्यायला वजनाचं गुणोत्तर २०. तोच वेग उतरवायला परत २०, कारण अंतराळात ब्रेक लावायला रस्ता नाही, उलटं इंजिनच चालवायचं. आणि हे दोन आकडे बेरजेत येत नाहीत, गुणाकारात येतात. ४००. एक टन यान थांबवायचं तर निघताना ४०० टन. ब्रेकची ही किंमत अंतराळयानाच्या चित्रांमध्ये कधी दिसत नाही.

एनर्जीचा हिशोब तर इंजिन कुठलंही असो, चुकत नाही. १ किलो वस्तूला प्रकाशाच्या दहा टक्के वेग द्यायचा तर साडेबारा कोटी युनिट वीज, काहीही वाया न घालवता. कोयनेची सगळी वीजकेंद्रं मिळून १,९६० मेगावॅट आहेत, ती पूर्ण क्षमतेनं अडीच दिवसांहून जास्त चालवली की एवढी वीज होते. एका किलोला! माणसं बसतील असं हजार टनांचं यान धरलं तर अख्खं जग वर्षभरात तेल, कोळसा, गॅस, वीज मिळून जेवढी ऊर्जा वापरतं त्याच्या पाऊण पट. फक्त वेग घ्यायला.

यातून पळवाट म्हणून लाइट सेल येतं, इंधन सोबत न्यायचंच नाही, इथून लेसर मारून ढकलायचं. सूर्यप्रकाशावर चालणारं शीड जपाननं २०१० मध्ये इकारोसवर खरंच चालवून दाखवलं, १४ मीटर बाय १४ मीटरचं. एप्रिल २०१६ मध्ये उद्योजक युरी मिल्नर आणि शास्त्रज्ञ स्टीफन हॉकिंग यांनी ब्रेकथ्रू स्टारशॉट जाहीर केलं, काही ग्रॅमचं यान, चारेक मीटरचं शीड, १०० गिगावॅटचा लेसर, प्रकाशाच्या २० टक्के वेग, वीस वर्षांत अल्फा सेंटॉरी, म्हणजे प्रॉक्सिमा ज्यातला एक आहे तो ताऱ्यांचा गट. १०० गिगावॅट म्हणजे भारतातल्या सगळ्या वीजकेंद्रांच्या मिळून क्षमतेचा साधारण पाचवा हिस्सा. आणि एवढ्या प्रकाशाचा धक्का किती बसतो? ६७० न्यूटन. ६८ किलोच्या माणसाचं वजन जेवढं, तेवढा. प्रकाशाच्या धक्क्याचा हा चिंगूसपणा नीट लक्षात ठेव, तो काही ग्रॅमवर लावला म्हणूनच वेग मिळतो, आणि त्यातला प्रकाशाचा लाखावा हिस्सा जरी शीडात मुरला तरी १० लाख वॉट उष्णता त्या कागदाहून कितीतरी पातळ पडद्यात. तरीही मला ही कल्पना सगळ्यात प्रामाणिक वाटते, कारण तिच्यात न सुटलेले प्रश्न ढीगभर आहेत पण भौतिकशास्त्राचा कुठलाही नियम मोडावा लागत नाही.

वाटेतली धूळ हा वेगळाच विषय. दोन ताऱ्यांच्या मधली जागा रिकामी आहे पण पूर्ण रिकामी नाही, विरळ हायड्रोजन आहे आणि मधूनमधून धुळीचे कण. प्रकाशाच्या २० टक्के वेगानं जाताना एक मायक्रोग्रॅमचा कण आपटला, जो डोळ्याला नीट दिसणारही नाही, तर १८ लाख ज्यूल, म्हणजे चारशे ग्रॅमहून जास्त टीएनटी. इतका मोठा कण क्वचितच भेटेल, बारके मात्र सतत भेटत राहतील. साधा हायड्रोजनसुद्धा त्या वेगाला गॅस राहत नाही, प्रत्येक प्रोटॉन १९ मेगा-इलेक्ट्रॉनव्होल्टनं अंगावर येतो, म्हणजे समोरून अखंड रेडिएशनचा झोत. ढाल लावली की वजन वाढलं, वजन वाढलं की वरचा सगळा हिशोब परत पहिल्यापासून.

आता माझ्या भागावर येतो.

आमच्या लॅबमध्ये नवीन आलेल्या मुलांना मी पहिल्या दिवशी एक गोष्ट दाखवतो. लो नॉइज अँप्लिफायर, म्हणजे बारीक सिग्नल मोठा करणारं सर्किट, टेबलावर, त्याच्या पुढे हॉर्न, म्हणजे भोंग्यासारखा अँटेना, मागे पॉवर मीटर. थर्माकोलच्या डब्यात लिक्विड नायट्रोजन ओतून त्यात रेडिओ लहरी शोषणारा अ‍ॅबसॉर्बर बुडवलेला असतो, उणे १९६ डिग्रीला, डब्यातून पांढरी वाफ खाली टेबलावर सांडत असते. हॉर्न त्या थंड अ‍ॅबसॉर्बरकडे केला की मीटर खाली बसतो. मग मी म्हणतो, हात मध्ये धर. हात मध्ये आला की मीटर चटकन वर जातो. त्या हातात ना मोबाइल असतो ना काही, हात नुसता कोमट आहे एवढंच. कोमट वस्तू रेडिओ लहरी सोडते आणि चांगल्या रिसीव्हरला तीही गोंगाट वाटते. आमचं सगळं काम म्हणजे असल्या गोंगाटाखाली दबलेला आवाज ऐकणं.

व्हॉएजरचा ट्रान्समीटर आहे २३ वॉटचा, फ्रिजमधल्या बल्बएवढा म्हण. त्याची डिश ३.७ मीटरची, त्यामुळे ते सगळं एका दिशेला गोळा होऊन पृथ्वीकडे येतं. २५ अब्ज किलोमीटर चालून ते नासाच्या कॅनबेरा, गोल्डस्टोन किंवा माद्रिदच्या ७० मीटर डिशवर पडतं तेव्हा हातात येतो वॉटचा किती भाग? एका वॉटचे एकावर अठरा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला साधारण अर्धा तुकडा. एवढ्यातून ते लोक सेकंदाला १६० बिट काढतात, आणि ते करायला रिसीव्हरचा पुढचा भाग निरपेक्ष शून्याच्या, म्हणजे उणे २७३ डिग्रीच्या, जवळ थंड करून ठेवतात. माझ्या दृष्टीनं ही विसाव्या शतकातली सगळ्यात सुंदर इंजिनिअरिंग आहे.

आता तेच व्हॉएजर उचलून प्रॉक्सिमाजवळ ठेवू. अंतर १,६०० पट वाढलं. सिग्नल अंतराच्या वर्गानं कमी होतो, म्हणजे २५ लाखांहून जास्त पटींनी बारीक. तोच हिशोब तसाच पुढे लावला तर १६० बिट प्रति सेकंदाचं होतं साडेचार तासाला एक बिट. एक अक्षर पोचायला दीड दिवस. मोबाइलवर आपण सहज पाठवतो तसा १ एमबीचा फोटो पाठवायला चार हजारांहून जास्त वर्षं! आणि हा सुद्धा सोयीचा हिशोब झाला, प्रत्यक्षात इतक्या बारीक सिग्नलवर रिसीव्हर लॉकच होणार नाही, म्हणजे सिग्नल धरूनच ठेवता येणार नाही, वर्षभर कान लावून बसलं तरी हाती काही लागणार नाही. स्टारशॉटचं यान तर काही ग्रॅमचं, त्यात ३.७ मीटरची डिशही नाही आणि २३ वॉटही नाहीत.

हे पुस्तकी वाटत असेल तर जवळची दोन उदाहरणं घे. न्यू होरायझन्स १४ जुलै २०१५ ला प्लूटोजवळून गेलं, सगळी गंमत काही तासांत संपली, पण तो डेटा पृथ्वीवर पूर्ण उतरायला ऑक्टोबर २०१६ उजाडला. पंधरा महिने. प्लूटो आपल्या नकाशात तेव्हा ३३ मीटरवर होता, प्रॉक्सिमा २६८ किलोमीटरवर आहे. दुसरं आपल्या घरचं, १९ ऑक्टोबर २०१६ ला युरोपचं स्किआपरेली यान मंगळावर उतरत असताना त्याचा यूएचएफ सिग्नल नारायणगावजवळ खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीनं पकडला होता. ४५ मीटरच्या तीस डिश, गोविंद स्वरूप यांनी उभ्या केलेल्या, आणि मुळात त्या यानांचे सिग्नल ऐकायला बांधलेल्याही नाहीत. उतरताना शेवटी सिग्नल तुटला आणि यान आपटलं हे नंतर कळलं. मंगळ म्हणजे आपलं अंगणच, तिथून येणारा आवाजही एवढ्या मोठ्या कानानं ऐकावा लागतो.

रेडिओऐवजी लेसर वापरला तर खूप फरक पडतो. नासाच्या सायकी यानावरच्या लेसरनं डिसेंबर २०२३ मध्ये ३.१ कोटी किलोमीटरवरून मांजराचा एक व्हिडिओ सेकंदाला २६७ मेगाबिटनं पाठवला आणि तो पालोमारच्या पाच मीटरच्या टेलिस्कोपनं झेलला. लेसरचा झोत रेडिओपेक्षा कितीतरी अरुंद राहतो म्हणून ताकद वाया जात नाही. पण अरुंद झोताला नेम लागतो. प्रॉक्सिमाहून १ मीटरच्या आरशातून लेसर सोडला तर इथं पोचेपर्यंत तो साधारण ६ कोटी किलोमीटर रुंद झालेला असतो, आणि पृथ्वीच्या कक्षेचा व्यास आहे ३० कोटी. म्हणजे यानाला आत्ता पृथ्वी कुठं आहे ते नुसतं कळून उपयोग नाही, सव्वाचार वर्षांनी ती कुठं असेल तिथं झोत मारायचा, एकट्यानं, कुणालाही न विचारता. २०२३ च्या जुलैमध्ये व्हॉएजर २ ला एक चुकीची कमांड गेली आणि त्याची डिश फक्त दोन अंशांनी फिरली, तेवढ्यानं संपर्क बंद. कॅनबेराहून पूर्ण ताकदीनं कमांड ओरडून सांगितली तेव्हा ते वळलं. लेसरला दोन अंशांचा नव्हे, अंशाच्या दहा हजाराव्या भागाचा हिशोब ठेवावा लागेल.

आणि बिघाड झाला तर? नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हॉएजर १ कडून शून्य आणि एकचा एकच नमुना परत परत यायला लागला, काही अर्थ लागेना. मार्च २०२४ मध्ये एक विशिष्ट कमांड पाठवून नासाच्या लोकांनी डेटा हाताळणाऱ्या कॉम्प्युटरची अख्खी मेमरी मागवली आणि जुळवून बघितली, तेव्हा कळलं की एका चिपमुळे साधारण तीन टक्के मेमरी खराब झालीय. दुरुस्ती म्हणजे त्या भागातला प्रोग्राम तोडून तुकड्यातुकड्यानं दुसरीकडे बसवायचा, कारण एकसंध रिकामी जागाच नव्हती. १८ एप्रिलला कमांड गेली, पोचायला साडेबावीस तास, उत्तर यायला साडेबावीस तास, २० एप्रिलला उत्तर आलं आणि वाचता आलं. त्या लोकांसाठी ते दोन दिवस कसे गेले असतील ते मी समजू शकतो. पण प्रॉक्सिमाजवळ हाच बिघाड झाला तर एक प्रश्न विचारून उत्तर यायला साडेआठ वर्षं. पाच वेळा विचारून बिघाड सापडत असेल तर चाळीस वर्षं गेली, एका माणसाची अख्खी नोकरी. म्हणजे यानाला स्वतःचा बिघाड स्वतः ओळखून दुरुस्त करता आला पाहिजे. चाळीस-पन्नास वर्षं बंद न पडणारं इलेक्ट्रॉनिक्स हे आजही सोपं काम नाही, व्हॉएजर टिकलं त्यात डबल सर्किटचा, साध्या डिझाइनचा आणि जमिनीवरच्या माणसांच्या चिकाटीचा वाटा आहे.

पॉवरचंही तसंच. व्हॉएजरला प्लुटोनियम-२३८ च्या उष्णतेवर वीज मिळते, निघताना ४७० वॉट होते, दरवर्षी चारेक वॉट कमी होतात, म्हणून एकेक उपकरण बंद करत आणलंय. प्लुटोनियम-२३८ ची हाफ-लाइफ, म्हणजे निम्मं उरायला लागणारा वेळ, ८७.७ वर्षं आहे. काहीशे वर्षांचा प्रवास असेल तर पोचेपर्यंत तो स्रोत थंड पडलेला असेल, आणि दोन ताऱ्यांच्या मध्ये सोलर पॅनल म्हणजे अंधारात धरलेला आरसा.

पोचल्यावरचा वेळ बघ. २० टक्के वेगानं जाणारं यान प्रॉक्सिमा बी या ग्रहाच्या शेजारून ग्रहाच्या व्यासाएवढं अंतर पाव सेकंदाच्या आत पार करेल. वीस वर्षांचा प्रवास आणि बघायला मिळणार ते पापणी लवायच्या आत. म्हणून मला वाटतं की न थांबणारी यानं पहिली पायरी म्हणून ठीक, पण थांबण्याचं तंत्र सापडेपर्यंत याला प्रवास म्हणता येत नाही. ताऱ्याच्याच प्रकाशावर शीड उलटं धरून किंवा मॅग्नेटिक सेल, म्हणजे चुंबकीय क्षेत्राचं शीड, फुलवून वेग कमी करायचा, असे हिशोब झालेले आहेत आणि माझा जीव त्या कामात जास्त आहे.

माणसांबद्दल थोडक्यातच लिहितो, माझा तो विषय नाही. एका दमात सगळ्यात जास्त अंतराळात राहिले ते व्हालेरी पोल्याकोव्ह, ४३७ दिवस, १९९४-९५ मध्ये. बंद जागेत जगण्याचा मोठा प्रयोग म्हणजे अ‍ॅरिझोनातलं बायोस्फिअर २, १९९१ ते १९९३, आठ माणसं. तिथं ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून साडेचौदापर्यंत उतरला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. मातीतले जिवाणू ऑक्सिजन खात होते आणि तयार झालेला कार्बन डायऑक्साइड इमारतीचं काँक्रीट शोषत होतं, म्हणून गडबड लवकर लक्षातही आली नाही. दोन वर्षांत आणि पृथ्वीवरच ही अवस्था, दार उघडलं की हवा.

आता तुझी गॅलेक्सी. रिलेटिव्हिटी इथं आपल्या बाजूनं उभी राहते, प्रकाशाच्या वेगाजवळ गेलं की यानातलं घड्याळ पृथ्वीपेक्षा हळू चालतं, हे खरं आहे. सतत एक जी, म्हणजे पृथ्वीवर जाणवतं तेवढंच वजन जाणवेल अशा दरानं अर्ध्या वाटेपर्यंत वेग वाढवायचा आणि उरलेल्या अर्ध्यात कमी करायचा. प्रॉक्सिमाला यानातल्या घड्याळानं साडेतीन वर्षं, पृथ्वीवर सहाच्या आत. अँड्रोमेडाला यानात फक्त २८-२९ वर्षं! एका माणसाच्या आयुष्यात बसतं. पृथ्वीवर मात्र २५ लाख वर्षं उलटलेली असतील. मी कॉलेजात असताना हे पहिल्यांदा सोडवलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. मग इंधनाचा हिशोब केला. मॅटर आणि अँटीमॅटर (मॅटरचं उलटं रूप, दोन्ही भेटले की ऊर्जा होऊन जातात) जाळून सगळीच्या सगळी ऊर्जा सरळ मागे फेकणारं, याहून चांगलं असूच शकत नाही असं इंजिन धरलं, तरी थांबण्यासकट १ किलो सामानामागे साडेसहा लाख कोटी किलो इंधन. आणि माणसानं आजपर्यंत बनवलेलं अँटीमॅटर नॅनोग्रॅमात मोजतात.

दुसरी अडचण मला जास्त विलक्षण वाटते. अर्ध्या वाटेवर यानाचा वेग इतका असतो की समोरून येणारा सगळा प्रकाश २५-२६ लाख पटींनी जोरकस होतो. बिग बँगनंतर उरलेली जी उष्णता आकाशभर पसरलीय, २.७ केल्विनची, जी आमच्या रिसीव्हरला सगळ्यात थंड गोष्ट म्हणून दिसते, तीच तिथं समोरून एक्स-रे होऊन येते. म्हणजे वाटेत एकही धुळीचा कण नसला तरी रिकामं आकाशच भाजायला लागतं. त्यात विश्व पसरतंय. अँड्रोमेडा आपल्याच गटातली असल्यानं ती जवळ येतेय, पण खूप लांबच्या गॅलेक्सी इतक्या वेगानं दूर जातायत की आज इथून निघालेला प्रकाशसुद्धा त्यांच्यापर्यंत कधीच पोचणार नाही.

वॉर्प ड्राइव्हचं, म्हणजे जागाच वाकवून प्रकाशाहून वेगानं जायच्या कल्पनेचं, विचारशीलच. मिगेल अल्कुबिएरे यांनी १९९४ मध्ये मांडलेलं गणित आइन्स्टाइनच्या समीकरणात बसतं, पण त्याला निगेटिव्ह एनर्जी लागते आणि तीही अफाट, आणि तशी ढीगभर एनर्जी कुठं मिळेल याचा कुणाकडे काही मार्ग नाही. मी ते गणित म्हणून आवडीनं वाचतो, इंजिन म्हणून त्यावर वेळ घालवणार नाही.

थांबून राहावं का, चांगलं इंजिन येईपर्यंत? हा प्रश्न खरा आहे. व्हॉएजर २ आधी निघालं, २० ऑगस्टला, व्हॉएजर १ सोळा दिवस उशिरा निघून डिसेंबर १९७७ मध्येच त्याच्या पुढे गेलं. १९९८ मध्ये त्यानं पायोनियर १० लाही मागे टाकलं, जे पाच वर्षं आधी निघालेलं होतं. शंभर वर्षांच्या प्रवासाला आज निघालेल्यांना नंतर निघालेले वाटेत गाठतील, हे शक्य आहे. पण थांबणं म्हणजे हातावर हात ठेवणं असं समजू नकोस, कारण मधल्या पायऱ्या आत्ताच चढता येण्यासारख्या आहेत. सूर्याच्या गुरुत्वाकर्षणानं लांबच्या ताऱ्याचा प्रकाश वाकून एकत्र येतो तो साधारण ५५० मीटरवर, आपल्या नकाशात, व्हॉएजरच्या आजच्या तिप्पटीहून थोडा जास्त. तिथं यान नेऊन सूर्यालाच भिंग म्हणून वापरायचं, ग्रह बघायला आणि मला वाटतं पुढे कधीतरी बारीक सिग्नल ऐकायलासुद्धा. हे पन्नास वर्षांत जमण्यासारखं आहे आणि त्यासाठी लागणारं शीड, वीज, लेसर लिंक, स्वतःची दुरुस्ती करणारं इलेक्ट्रॉनिक्स, सगळं तेच आहे जे ताऱ्याकडे जायला लागेल.

तू मेकॅनिकलचा आहेस तर शीडाच्या मटेरियलकडे बघ, उष्णता आणि ताण एकत्र सोसणारा पातळ पडदा हा मेकॅनिकलवाल्याचाच प्रश्न आहे. त्याआधी या सुट्टीत दोन हिशोब स्वतःच्या हातानं कर, वहीत, कॅल्क्युलेटर घेऊन. एक त्सिओल्कोव्स्कीचा, ब्रेकसकट. आणि दुसरा व्हॉएजरच्या २३ वॉटपासून ७० मीटर डिशपर्यंतचा, डिशचा गेन, म्हणजे ती सिग्नल एका दिशेला किती पट एकवटते ते, अंतराचा वर्ग, मग रिसीव्हरचं २० केल्विन नॉइज. दुसऱ्यात दहाच्या घाताला चूक होते, सगळ्यांचीच होते, झाली की वहीचा फोटो पाठव.